आजोबांची शून्यांची वही

दिवाळीच्या अंकात बायबल विकणाऱ्या माणसाची गोष्ट पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. चिवड्याच्या ताटात हा केक कुठून आला, असेही कोणी म्हणेल. पण आम्ही मराठी ख्रिस्ती माणसे दिवाळीला परकी नाही. नगरला आम्ही ज्या वाड्यात राहत होतो तिथे दिवाळीत शेजारच्या तीन बिऱ्हाडांतून फराळाची ताटे आमच्याकडे येत आणि नाताळात आईने केलेल्या करंज्या त्याच ताटांतून परत जात. रिकामे ताट परत करू नये, हा नियम दोन्ही बाजूंनी कसोशीने पाळला जाई.

त्याच वाड्यातून माझे आजोबा रोज सकाळी खांद्याला खादीची झोळी अडकवून बाहेर पडत. झोळीत शुभवर्तमानाची छोटी पुस्तके असत. मत्तय, मार्क, लूक, योहान अशी चार निरनिराळी. गठ्ठ्याच्या तळाशी एखादा संपूर्ण नवा करार असे. सोबत दशमी, कांद्याची चटणी आणि एक लांबट वही. इंग्रजीत या धंद्याला भारदस्त नाव आहे. गावात मात्र त्यांना सगळे ‘पुस्तकवाले बुवा’ म्हणत. आजोबांनाही तेच नाव आवडे.

ती वही आज माझ्यापाशी आहे. परवा आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी ती पुन्हा हाती लागली आणि हा लेख लिहिण्याचे ठरले. वहीत चार रकाने आहेत. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात ‘घेतले’ आणि चौथ्यात ‘नको’. चौथ्या रकान्यात बावीस, एकतीस, चाळीस असे आकडे दिसतात. तिसऱ्या रकान्यात एक, दोन, क्वचित पाच, आणि बाकी पानामागून पान शून्ये. किराणा दुकानदाराने असली वही लिहिली असती तर दुसऱ्या महिन्यात दुकानाला कुलूप लागले असते. आजोबांनी ती चाळीस वर्षे लिहिली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सुट्टीत त्यांच्याबरोबर बाजाराच्या गावी जाण्याचा मला मोठा षोक. बाजारात एका कडुनिंबाखाली ते पोते अंथरत, पुस्तके मांडत आणि खड्या आवाजात एखादे भजन सुरू करीत. नारायण वामन टिळकांना त्यांनी लहानपणी नगरमध्ये पाहिले होते. परमेश्वराचे नाव मराठी माणसाला मराठी चालीतच सांगावे, हे टिळकांचे म्हणणे त्यांच्या मनावर ठसलेले होते. भजन ऐकायला पाचपन्नास माणसे जमत. पुस्तक पुढे केले की ती पाखरांसारखी पांगत!

पुस्तकाला किंमत होती एक आणा. नवे पैसे सुरू झाले तरी बाजार अजून आण्यातच बोले. मी एकदा विचारले, “आजोबा, फुकट दिली तर सगळी संपतील की!”

“संपतील रे बाळ,” ते म्हणाले, “आणि संध्याकाळी त्यांच्याच पानांत शेव बांधलेली दिसेल. आणा देणारा निदान उघडून तरी पाहतो.”

कडुनिंबासमोर एका गुळाच्या व्यापाऱ्याचे दुकान होते. शेटजी कपाळाला गंध लावणारे, पंढरीची वारी करणारे. आजोबा दर बाजारी त्यांना रामराम करून पुस्तक पुढे करीत आणि शेटजी हात जोडून म्हणत, “बुवा, आमचा विठोबा आहे आम्हाला. नको.” लगेच नोकराला हाक मारीत, “अरे, बुवांना पाणी दे. पोराला गुळाचा खडा दे.” वर्षानुवर्षे हे असेच चालले. आजोबांनी विचारणे सोडले नाही, शेटजींनी ‘नको’ म्हणणे सोडले नाही आणि गुळाचा खडा कधी चुकला नाही.

सगळेच बाजार इतके गोड नसत. एके दिवशी एका तरुणाने आजोबांच्या हातातून पुस्तक हिसकावले, मधोमध फाडले आणि शेणात फेकले. “पोटासाठी बाटलेले! आम्हाला शिकवायला आलाय?” असे काहीसे तो ओरडला. भोवतीची माणसे हसली. मला रडूच कोसळले. मी दगड उचलला होता. आजोबांनी माझे मनगट धरले. मग खाली बसून त्यांनी पाने वेचली, झटकली आणि झोळीत ठेवली.

वाटेत मी धुमसत होतो. आजोबा म्हणाले, “तो काय चुकीचं बोलला? नको म्हणाला. नको म्हणायचा त्याला हक्क आहे. मी विचारतो, तो नाकारतो. माझा हक्क मला पाहिजे तर त्याचा त्याला नको का द्यायला?”

“पण फाडलं त्यानं!”

“फाडलं हे वाईट केलं. पण तुला सांगू? आपल्यातले काही लोकही पूर्वी चावडीवर उभे राहून दुसऱ्याच्या देवाला नाही नाही ते बोलले. त्याच्या आज्यानं ते ऐकलं असेल. त्याचं व्याज मी भरतोय.”

ही गोष्ट खरी आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ उपदेशकांची जीभ तिखट होती. मूर्तिपूजकांची टिंगल केली म्हणजे सत्य सांगितले, असा त्यांचा समज होता. समोरूनही तशीच उत्तरे येत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. ऐकायला गर्दी लोटे. वादात कोण जिंकले हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवले आणि माणसे आपापल्या घरी, आपापल्या देवाकडे परतली.

त्या वादातले एक गृहस्थ जॉर्ज बोवेन. आजोबा त्यांचे नाव फार आदराने घेत. हा अमेरिकन माणूस १८४८ साली मुंबईत आला. मिशनऱ्यांचा बंगला आणि पगार लोकांच्या व आपल्या मध्ये भिंतीसारखा उभा आहे, असे त्याच्या मनाने घेतले. तेव्हा त्याने पगार सोडला आणि वस्तीत साधी खोली घेऊन राहू लागला. रोज रस्त्यावर उभे राहून मराठीत बोलायचे, पुस्तके वाटायची, चेष्टा ऐकायची आणि परत यायचे, हा त्याचा क्रम. १८८८ साली मुंबईतच त्याला मरण आले. या चाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. त्याच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसे शोधायला गेले तर जवळजवळ सापडत नाहीत. पण ज्या शहराने त्याचे म्हणणे ऐकले नाही त्याच शहराने त्याला साधू म्हटले.

त्याच्याही आधीची कथा गॉर्डन हॉल यांची. १८१३ च्या फेब्रुवारीत हॉल आणि त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले, तेव्हा पहिला नकार मिळाला तो इथल्या लोकांकडून नव्हे, तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कंपनी सरकारकडून. धर्मोपदेशक आले की रयत बिथरेल आणि व्यापार बसेल, ही कंपनीला धास्ती. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. अर्जविनंत्या करून, अडून बसून त्यांनी कशीबशी राहण्याची परवानगी मिळवली. मग हॉल मराठी शिकले आणि तेरा वर्षे मुंबईच्या गल्ल्यांतून बोलत राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये ते पुस्तके घेऊन नाशिककडे गेले. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले. एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. वय अवघे एकेचाळीस. ज्या नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी ते झिजले, तो त्याच वर्षी छापून झाला.

हॉल यांच्या वहीत ‘घेतले’ या रकान्यात काय असते? फारसे काही नाही. पण त्यांच्या मिशनने पुस्तके छापण्यासाठी जो छापखाना काढला, त्याची कथा मोठी गमतीची आहे. पुढे त्या छापखान्यात मराठी अक्षरांचे सुबक ठसे तयार होऊ लागले. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींना आपलाही छापखाना असावा असे वाटले आणि १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. तिथेच लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. बायबलसाठी कोरलेल्या अक्षरांच्या वंशातून पंचांगे आणि पोथ्या घरोघर पोहोचल्या! लोकांनी पुस्तक नाकारले आणि अक्षर घेतले. आजोबा हे सांगताना मनापासून हसत. “देव हिशेबाचा कच्चा आहे,” म्हणत. “जमा एका खात्यात धरायची, तर तो दुसऱ्याच खात्यात टाकतो.”

संध्याकाळी घरी आल्यावर आजोबांची एक सवय होती. ते पायरीवर बसत, दोन्ही वहाणा काढून एकमेकींवर आपटत, धूळ झाडत आणि मगच आत येत. ख्रिस्ताने शिष्यांना गावोगाव पाठवताना सांगितले होते की, जे घर तुमचे ऐकणार नाही तिथून निघताना पायांची धूळ झाडून टाका. पुष्कळ उपदेशक या वचनाचा अर्थ शापासारखा लावतात. आजोबांचा अर्थ निराळा होता. “कुणी काही बोललं तर ते घरात आणायचं नाही. धूळ दारातच राहू द्यायची. नाही तर उद्या त्याच माणसाला हसून रामराम कसा करशील?”

झोळी रिकामी न होता परतलो की मी त्यांना चिडवी. तेव्हा ते टिळकांच्या आगगाडीची गोष्ट सांगत. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. कवितेवरून, धर्मावरून बोलणे निघाले. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तो गृहस्थ नावगाव मागे न ठेवता निघून गेला. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

“पुस्तक देणाऱ्यानं त्या दिवशी वहीत काय लिहिलं असेल?” आजोबा विचारीत. “‘एका भटजीला दिलं. हसला.’ एवढंच ना?”

पण या गोष्टीचा दुसरा भागही ते गाळत नसत. नवऱ्याने पुस्तक स्वीकारले म्हणून बायकोने स्वीकारले असे झाले नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कित्येक वर्षे त्या माहेरच्यांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले आणि टिळकांनी सांभाळू दिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या वाचकांना हे सारे सांगायला नको. घरातल्या माणसाचा नकार पचवणे हे बाजारातल्या नकारापेक्षा फार कठीण, एवढेच मला सांगायचे आहे. टिळकांनी तो पचवला. आणि टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे अपुरे राहिले, तेव्हा ते पुरे करायला लक्ष्मीबाईच बसल्या.

टिळक आगगाडीत बसले त्याच १८९३ साली पुण्यात पंडिता रमाबाईंवर वादळ उठले होते. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते अशी ओरड झाली. पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. सदनाच्या पाठीशी उभे असलेले रानडे-भांडारकरांसारखे मोठे लोकही बाजूला झाले. बाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि विधवांसाठी दारही बंद केले नाही. पुढे दुष्काळातल्या अनाथ पोरींना घेऊन त्या केडगावच्या माळावर गेल्या. तिथे उतारवयात त्यांनी एक जगावेगळे काम अंगावर घेतले. खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवायचे. त्यासाठी या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या मुक्तिसदनातल्याच बाया. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आणि पुढे? पुढे आमच्याच ख्रिस्ती मंडळ्यांत ते भाषांतर रूढ झाले नाही. देवळातून वाचले जाई ते दुसरेच. म्हणजे सनातन्यांनी बाईंना नाकारले ते त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कष्टाचे फळ आपल्या माणसांनी फडताळात ठेवले. आजोबांच्या फळीवर त्याची एक जुनी प्रत होती. ती ते कधी विकायला नेत नसत. रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतः वाचत.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

१९६७ साल. मी पुण्याला कॉलेजात होतो. टेरिलिनचा शर्ट, केसांचा कोंबडा आणि खिशात सिनेमाची तिकिटे. एकूण थाट असा की जणू आम्हीच हिरो. सुट्टी संपवून नगरहून दौंडला जाणाऱ्या गाडीत मी बसलो होतो. बरोबर कॉलेजचे तीन मित्र होते. ते मनमाडकडून येऊन डब्यात आधीच बसलेले. गाडी सुटायला थोडा वेळ होता. एवढ्यात खिडकीतून ओळखीचा आवाज आला, “शुभवर्तमान घ्या. दहा पैसे.”

आजोबा! पाऊणशे वर्षांचे, वाकलेले, ठिगळाचा कोट, तीच झोळी. मला निरोप द्यायला स्टेशनवर येतो म्हणाले होते आणि मी नको म्हणालो होतो. ते आपल्या नेहमीच्या फेरीवर आले होते. मित्रांपैकी एक म्हणाला, “आला बाटग्यांचा दलाल!” सगळे हसले. मीही हसलो.

ते डब्यात चढले. बाकाबाकावरून पुढे सरकत आमच्यापाशी आले. तिघांपुढे पुस्तक केले. तिघे म्हणाले, नको. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. एका क्षणात त्यांनी सारे ताडले असावे. पुस्तक माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “घ्या साहेब.”

मी म्हणालो, “नको.”

“बरं,” ते म्हणाले, जसे सगळ्यांना म्हणत तसे, आणि पुढच्या बाकाकडे वळले. गाडी हलली. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिलो.

पेत्राने ख्रिस्ताला तीन वेळा नाकारले आणि कोंबडा आरवला, ही कथा मला लहानपणापासून पाठ होती. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मला झोप लागली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो ते छातीत धडधड घेऊन. आजोबा पायरीवर वहाणा झाडत होते. “आलास? पोरी, याला चहा टाक ग,” त्यांनी आईला हाक मारली. शेजारून आलेल्या ताटातले अनारसे माझ्यासाठी राखून ठेवले होते. त्या दिवसाचा शब्दही त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. आज काढू, उद्या काढू करता करता दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ते गेले.

त्यांना माती द्यायला बाजाराच्या गावचे ते गुळाचे शेटजी एसटीने आले होते. ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाबाहेर टोपी काढून उभे राहिले. सगळे आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पोरा, आता बाजारात आम्हाला विचारणार कोण?” मला उत्तर सुचले नाही. त्यांनी पुस्तक मागितले नाही आणि मी देऊ केले नाही. आम्ही दोघेही रडलो.

पुढे काही दिवसांनी मी वही उघडली. ती तारीख शोधून काढली. मला वाटले होते, तिथे काहीतरी असेल. एखादी फुली, एखादा शब्द. काही नव्हते. ‘नगर स्टेशन. घेतले ०. नको १४.’ त्या चौदांत मी होतो. गुळाच्या शेटजींसारखा, पुस्तक फाडणाऱ्या तरुणासारखा, बाकीच्या तेरा जणांसारखा एक. माझ्या नकाराला त्यांनी निराळा रकाना केला नव्हता. त्याच वेळी मला कळले की, बाजारातल्या त्या तरुणालाही त्यांनी खरोखरच क्षमा केली होती.

आज या विषयावर फार मोठ्या आवाजात बोलले जाते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला की, प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्यावर वकील मंडळी वाद घालोत. आजोबांनी ना कलम वाचले होते, ना तो निकाल ऐकायला ते होते. त्यांच्यापुरता त्यांनी हा प्रश्न एका शब्दात सोडवला होता. तो शब्द म्हणजे ‘बरं’. विचारायचे सोडायचे नाही आणि नाकारणाऱ्याचा हात धरायचा नाही.

परवा वही चाळत बसलो असताना माझा नातू शेजारी येऊन बसला. त्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या शून्यांवर बोट फिरवत त्याने विचारले, “आजोबा, हे कोण? एवढे नापास?”

मी त्याला जवळ घेतले आणि आगगाडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. टिळकांची नव्हे. माझी.